कळा सुरू असताना आलेला फोन

(एक वैद्य, रनाळे, जि. नंदुरबार)



आपल्या त्रैमासिकात सूतिकापरिचर्येवर पुष्कळ लिहिले गेले आहे. गर्भिणीच्या मासानुमासिक पथ्यावरही लेख येत असतात. परंतु या दोहोंच्या मधला जो काळ, म्हणजे आवी सुरू झाल्यापासून अपरा पडेपर्यंतचा, त्यात आपली भूमिका काय असते याविषयी आपण फारसे बोलत नाही. ‘आपण बाळंतपणे करीत नाही, तेव्हा आपला संबंध काय?’ असे म्हणून हा विषय बाजूला ठेवता येईल. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. आपला संबंध फोनवरून येतो.

रनाळे हे नंदुरबार-दोंडाईचा रस्त्यावरील गाव. कापूस, मिरची आणि गहू यांवर चालणारे. शस्त्रक्रियेची वेळ आली की बहुधा नंदुरबार गाठावे लागते. सून किंवा मुलगी शहरातील रुग्णालयात दाखल असते, डॉक्टर बाहेर येऊन ‘सिझर करावे लागेल, सही करा’ असे सांगतात आणि घरची मंडळी सही करण्याआधी गावातल्या वैद्याला फोन लावतात. तीन पिढ्यांचे वैद्य, घरातील प्रत्येकाची नाडी पाहिलेले. विश्वास आपल्यावर असतो, रुग्ण मात्र दुसऱ्याच्या हाती असतो.

असा एक फोन मला २००६ साली आला. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. पहिलटकरीण होती, पहाटेपासून कळा. सासरे फोनवर होते. ‘आबा, डाक्टर म्हनस सिझर करनं पडी. तुम्ही सांगा तसं करूत.’ कारण विचारले, तर ‘ठोके कमी होतात म्हणे’ एवढेच त्यांना सांगता आले. त्या दिवसांत शहरातील सिझरविषयी आम्हा ग्रामीण वैद्यांच्या मनात एक अढी होती, आणि ती सर्वस्वी निराधार होती असे मी आजही म्हणणार नाही. मी म्हणालो, ‘भाऊ, पहिलं बाळंतपण आहे, वेळ लागतोच. घाई करू नका, थोडं थांबून पाहा.’ फोन ठेवून मी झोपलो.

मंडळी थांबली. डॉक्टरांनी पुन्हा सांगितले, त्यांनी पुन्हा नकार दिला, नकाराच्या कागदावर अंगठा दिला. सुमारे दीड तासाने बाईची अवस्था पाहून होकार दिला. मूल जन्मले, पण रडले नाही. आज तो मुलगा विशीच्या घरात आहे. मान धरत नाही, बोलत नाही. त्याची आई दुपारी त्याला अंगणात खाटेवर आणून निजवते. माझ्या दवाखान्याच्या वाटेवर ते घर आहे.

काही महिन्यांनी ते कागद माझ्यासमोर आले. बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ऐंशीपर्यंत उतरल्याची आणि कळ संपल्यावरही वर न आल्याची नोंद होती. ११० ते १६० ही साधारण मर्यादा आपण सर्व जण शिकलेलो आहोत. मी तो आकडा विचारलाच नव्हता. मेंदूचा पक्षाघात असलेल्या बहुसंख्य मुलांत मूळ कारण प्रसूतीच्या आधीचेच असते, असे अलीकडचे शास्त्र सांगते, आणि एका मित्राने माझ्या समाधानासाठी ते मला दाखवलेही. मी त्याचा आधार घेतलेला नाही. त्या रात्री जे मला ठाऊक नव्हते त्यावर मी मत दिले, एवढे पुरेसे आहे. त्या कुटुंबाने मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. ते आजही औषधाला माझ्याकडेच येतात.

आता त्या अढीविषयी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. शासकीय संस्थांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगीत ४७.४ टक्के होते. महाराष्ट्राचा एकूण आकडा २५.४ टक्के असून त्याआधीच्या फेरीत तो २०.१ होता. खासगीत दाखल होणाऱ्या स्त्रियांचे वय, गुंतागुंत, स्वतःची मागणी या सर्वांना वाव देऊनही तिपटीहून अधिक फरकाचा उलगडा होत नाही. सोय, वेळ, पैसा आणि खटल्याची भीती यांचा वाटा त्यात आहे. डॉ. अरुण गद्रे हे स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ. वैद्यक व्यवसायातील गैरप्रकारांविषयी त्यांनी ‘कैफियत’मध्ये लिहिले आहे. तेव्हा लोकांचा संशय अज्ञानातून आला आहे असे म्हणून डॉक्टरांना सुटता येणार नाही.

तथापि हे आकडे समाजाचे आहेत. रात्री अकरा वाजता टेबलावर असलेल्या एका स्त्रीला सिझर हवे की नको, हे त्यांतून कळत नाही. शंभरातील काही शस्त्रक्रिया अनावश्यक असतात हे खरे मानले, तरी हिची त्यांपैकी आहे की उरलेल्यांपैकी, हे तिच्या पोटावर हात ठेवलेल्या माणसालाच ठरवता येते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये दहा ते पंधरा टक्क्यांची मर्यादा सांगितली, ती आपण भाषणांत वारंवार उद्धृत करतो. त्याच संघटनेने २०१५ मध्ये जे म्हटले ते मात्र कोणी सांगत नाही. दहा टक्क्यांपलीकडे प्रमाण वाढल्याने मृत्यू घटताना दिसत नाहीत हे सांगून संघटनेने पुढे म्हटले की, विशिष्ट टक्केवारी गाठण्यापेक्षा जिला गरज आहे त्या प्रत्येक स्त्रीला शस्त्रक्रिया मिळावी यासाठी प्रयत्न करावा. आपल्या जिल्ह्यात या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. धडगाव-मोलगीकडच्या पाड्यांवरून झोळीतून खाली आणलेल्या स्त्रीच्या बाबतीत प्रश्न अनावश्यक सिझरचा नसतो, वेळेत सिझर मिळण्याचा असतो. त्यात रक्तक्षय आणि सिकलसेल ही आपल्या पट्ट्यातील जोडीची दुखणी. शरीरात रक्तच कमी असलेल्या स्त्रीला दोन तास उशीर पेलत नाही.

आपल्याच ग्रंथांकडे वळू. सुश्रुतांनी प्राचीन काळी सिझेरियन केले, असे आपल्या संमेलनांत व्यासपीठावरून सांगितले जाते. निदानस्थानाच्या आठव्या अध्यायातील तो उल्लेख गर्भिणी मृत झाली असता कुक्षीत स्पंदन असेल तर तत्काळ छेद घेऊन बालक काढण्याविषयी आहे, जिवंत मातेविषयी नाही. हा फरक न सांगणे ग्रंथाशी अप्रामाणिकपणाचे आहे. चिकित्सास्थानाच्या पंधराव्या अध्यायात मूढगर्भाच्या शल्योद्धरणाहून कष्टतर कर्म नाही असे आचार्य मानतात आणि अधिपतीची अनुज्ञा घेऊन परम यत्नाने ते करावे असे सांगतात. गर्भ जिवंत असता शस्त्र चालवू नये, कारण त्यात माता व बालक दोघांचा घात होतो. आणि गर्भ मृत असल्यास मुहूर्तभरही उपेक्षा करू नये, हेही तेथेच. म्हणजे त्या काळी साधने नव्हती, तरी वेळेचे भान होते. कीलक, प्रतिखुर, बीजक, परिघ या गती आचार्यांनी हाताने तपासून वर्णन केल्या. निरोपावरून त्यांचे निदान कोणी करीत नसे.

चरकाचार्य तर अधिक स्पष्ट आहेत. गुल्मचिकित्सेत शस्त्रकर्माची वेळ आली की अधिकार धान्वंतरीयांचा, असे म्हणून ते बाजूला होतात. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात गर्भशल्य काढण्याची वेळ आली असता ‘परिदृष्टकर्मा’ शल्यहर्त्याचा उल्लेख येतो. ज्याने ते कर्म प्रत्यक्ष पाहिले-केले आहे असा, हा त्या शब्दाचा अर्थ. कायचिकित्सकाने शल्यज्ञाला वाट करून देणे ही आपल्या परंपरेत नामुष्की नव्हती. ती आपण अलीकडे मानू लागलो.

फोनवर बोलताना आपल्याजवळ नेमके काय नसते, ते पाहावे. प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख, ज्याला पार्टोग्राफ म्हणतात, तो आपल्यासमोर नसतो. या आलेखाची जन्मकथा ग्रामीण वैद्याने मुद्दाम वाचावी अशी आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, फिलपॉट व कॅसल यांनी तो दूरच्या दवाखान्यांतील सुईणींसाठी बसवला. तासाला एक सेंटीमीटर या गतीने गर्भाशयमुख उघडत जाण्याची सावधानतेची एक रेषा, आणि तिच्या उजवीकडे चार तासांवर कृतीची दुसरी रेषा. मधले चार तास कशासाठी, तर पहिली रेषा ओलांडली की स्त्रीला मोठ्या रुग्णालयात पोहोचविता यावे म्हणून. खेड्यातला रस्ता, बैलगाडी, नदी, हे सारे त्या चार तासांत गृहीत धरलेले आहे. पुढे २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले की केवळ तासाला एक सेंटीमीटरहून गती मंद आहे एवढ्यावरून हस्तक्षेप करू नये, कारण अनेक स्त्रियांत ती निसर्गतःच मंद असते. २०२० मध्ये त्यानुसार नवा आलेखही आला. म्हणजे ‘पहिलटकरणीला वेळ लागतो’ हे माझे वाक्य शास्त्राला सोडून नव्हते. परंतु आई आणि बाळ सुस्थितीत आहेत हे त्यात गृहीत असते, आणि ते मी तपासले नव्हते.

बाळाचे ठोके सतत यंत्रावर टिपल्यास सिझरचे प्रमाण वाढते, हेही संशोधनाने दाखवले आहे. यंत्र कधीकधी नसता घोर लावते. तरीही कोणता घोर खरा, याचा निवाडा पट्टी पाहणारा करील. फोनवरून ती दिसत नाही.

येथे नाळेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक घोटाळा तेथे होतो. ‘नाळ गळ्याला गुंडाळली आहे म्हणून सिझर’ हे आपण नेहमी ऐकतो. जन्मणाऱ्या दर चार-पाच बाळांपैकी एकाच्या मानेभोवती नाळेचा वेढा असतो आणि त्यांतील बहुतेक जण सुखरूप, नैसर्गिक मार्गानेच येतात. केवळ वेढा हे सिझरचे कारण होत नाही. त्यासोबत ठोके घसरत असतील तर गोष्ट निराळी. याउलट ‘नाळ बाहेर आली आहे’ ही अवस्था विरळ, पण अत्यंत भयानक. पाणमोट फुटून नाळ बाळाच्या डोक्यापुढे उतरते, डोके आणि श्रोणी यांच्यात चेपते आणि बाळाचा रक्तपुरवठा मिनिटांत तुटतो. नातेवाईक दोन्हींना ‘नाळेचं काहीतरी’ एवढेच म्हणतात. ऐकणारा वैद्य पहिल्या अर्थाने घेऊन ‘काही होत नाही’ म्हणतो, आणि तिकडे दुसरी अवस्था असते. असा प्रसंग गावात किंवा वाटेत आपल्यासमोर आला, तर स्त्रीला गुडघे व छाती टेकवून कंबर उंच राहील असे ठेवावे, हातमोजा घातलेल्या हाताने बाळाचे डोके आत वर रेटून धरावे, नाळ हाताळू नये आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत हात काढू नये. रुग्णालयाला आधी फोन करून ठेवावा, म्हणजे भूलतज्ज्ञ येऊन थांबतात.

तातडीलाही पायऱ्या आहेत, हे नातेवाइकांना कोणी सांगत नाही. ब्रिटनमधील मार्गदर्शक तत्त्वांत चार वर्ग केले आहेत. आई किंवा बाळाच्या जिवाला तत्काळ धोका असेल तर निर्णयापासून बहुतेक प्रसूती तीस मिनिटांत व्हाव्यात. त्रास सुरू झाला आहे पण तत्काळ धोका नाही, अशा वेळी पंचाहत्तर मिनिटांत. तिसऱ्यात धोका नाही पण प्रसूती लवकर व्हावी. आणि चौथा ठरवून केलेल्यांचा. आपल्याकडे भूलतज्ज्ञ घरून बोलवावे लागतात, रक्तपिशवी आणावी लागते, तेव्हा त्या तीस मिनिटांतील किती आपल्या फोनाफोनीत जातात याचा हिशेब करावा. नातेवाइकांनी डॉक्टरांना एवढेच विचारावे की धोका आईला आहे की बाळाला, कशावरून कळले, आणि अर्धा तास थांबलो तर काय होईल. चांगला डॉक्टर याचे उत्तर एका मिनिटात देतो. ‘आता विचारू नका, सही करा’ असे म्हणणारा डॉक्टर लोकांचा विश्वास स्वतःच्या हाताने घालवतो, आणि मग तो विश्वास आमच्या फोनवर येऊन पडतो. ही तक्रार मी आमच्या जिल्ह्यातील स्त्रीरोगतज्ज्ञ मित्रांकडे तोंडावर केलेली आहे.

सहीचा विषय निघालाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले की सज्ञान, सक्षम रुग्णाची संमती तिची स्वतःची हवी. तिच्या आईने दिलेली संमतीही तेथे ग्राह्य धरली गेली नाही. अपवाद जीव वाचवण्याच्या तातडीचा. आपल्याकडे सासरा, नवरा, मामा, गावचा वैद्य यांची चर्चा होते आणि जी कळा देते आहे तिला कोणी विचारत नाही. २००६ च्या त्या रात्री तिने काय म्हटले होते ते मला पुढे तिच्याकडूनच कळले. संध्याकाळपासून ती ‘काही करा पण सोडवा’ म्हणत होती.

मग संशयाला जागा कोठे? ती आहे, पण सातव्या महिन्यात. आपल्याकडे गर्भिणी पथ्य विचारायला येते तेव्हाच प्रसूती कोठे करणार हे विचारावे. त्या रुग्णालयात रात्री भूलतज्ज्ञ मिळतो का, रक्ताची सोय किती दूर, प्रसूतीची प्रगती लिहून ठेवतात का, दर महिन्याला किती सिझर होतात, हे घरच्यांनी तेव्हा विचारावे. मन भरले नाही तर रुग्णालय तेव्हा बदलावे, दुसरे मत तेव्हा घ्यावे. खर्चाची भीती असेल तर २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात शासकीय संस्थांतील प्रसूती, सिझेरियनसह, विनामूल्य आहे, हे सांगावे. पैशापायी ‘थांबून पाहू’ म्हणणारी कुटुंबे मी बरीच पाहिली आहेत. कारण ते दुसरेच सांगतात.

औषधविक्रेते मित्रांना दोन शब्द. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन चिठ्ठीशिवाय काउंटरवरून जाऊ नये, हा नियम तुम्हास ठाऊक आहे. तरी ‘कळा वाढवायला’ ते मागणारे येतात. मार्ग अडलेला असताना कळा वाढवल्या की गर्भाशय फाटते, आणि पूर्वीच्या सिझरचा व्रण असेल तर अधिकच लवकर. मिसोप्रोस्टॉलचेही तेच. ‘आपले औषध तरी निरुपद्रवी’ हा भ्रमही नको. कळलावीचे नावच ती काय करते म्हणून मानली गेली ते सांगते. पावसाळ्यात सातपुड्यात तिची फुले सर्वत्र दिसतात आणि कंद घरोघरी ठाऊक आहे. तिच्यात कोल्चिसिन हे विष आहे. लांगली औषधी कायद्याच्या अनुसूची ‘ई-१’ मधील विषद्रव्यांत मोडते. तिचा लेपही मी कोणास देत नाही. एरंडतेलाचा घोटसुद्धा कळा सुरू असलेल्या स्त्रीला, तपासणी झालेली नसताना, देऊ नये असे माझे मत आहे. याबाबत ज्येष्ठांचा मतभेद असेल तर त्यांनी अवश्य लिहावे.

सिझर झाल्यावर स्त्री आपल्याकडे येते, आणि तेथे आपले खरे क्षेत्र सुरू होते. अग्नी, स्तन्य, वात यांचा विचार आपल्याइतका कोणी करीत नाही. मात्र ‘उगाच कापले तुला’ हे वाक्य आपल्या तोंडून जाऊ नये. ते खरे की खोटे आपल्याला माहीत नसते, आणि ती आयुष्यभर ते बाळगते. त्याऐवजी तिला पुढच्या खेपेविषयी सांगावे. पुढील गर्भधारणेस किमान दोन वर्षांचे अंतर ठेवावे. शस्त्रक्रियेचा कागद जपून ठेवावा. छेद खालच्या भागात आडवा होता की उभा, यावर पुढचे सर्व अवलंबून असते. ‘एकदा सिझर म्हणजे कायम सिझर’ हे न्यूयॉर्कच्या क्रॅगिन यांचे १९१६ मधील म्हणणे आज तसेच राहिलेले नाही. योग्य निवड केल्यास अशा स्त्रियांपैकी साठ ते ऐंशी टक्क्यांची प्रसूती नैसर्गिक मार्गाने होते. व्रण फाटण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी, पण ती केव्हा येईल हे सांगता येत नसल्याने हा प्रयत्न शस्त्रक्रियेची तयारी असलेल्या रुग्णालयातच व्हावा, घरी कदापि नाही.

२०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका धावत आहेत आणि त्यांवर काम करणारे डॉक्टर बहुतांशी आपल्याच विद्याशाखेचे आहेत. नवसंजीवन योजनेच्या भरारी पथकांतून पाड्यापाड्यांवर फिरणारेही आपलेच. अडलेल्या बाईला घेऊन घाट उतरण्याचा अनुभव या तरुणांजवळ आहे, आम्हा जुन्यांजवळ नाही. त्यांनी या पानांवर लिहावे, अशी माझी विनंती आहे.

गेल्या वर्षी त्याच घरातून पुन्हा फोन आला. धाकटी सून दाखल होती. या वेळी मी म्हणालो, ‘भाऊ, फोन डॉक्टरांकडे द्या.’ त्यांनी ठोक्यांचा आकडा सांगितला, डोके अडकल्याचे सांगितले. मी विचारले, ‘तिला सांगितले का?’ ‘हो, तीच लवकर करा म्हणते आहे.’ सासऱ्यांना म्हटले, ‘सही करा आणि तिच्याजवळ जाऊन थांबा.’ बोलणे दोन मिनिटांत संपले. मुलगी झाली, वजन पावणेतीन किलो.

जिल्हा शाखेने येत्या बैठकीत नंदुरबारमधील स्त्रीरोगतज्ज्ञांना बोलवावे आणि अशा फोनच्या वेळी दोन्ही बाजूंनी कसे वागायचे ते समोरासमोर ठरवावे, असा प्रस्ताव मी पाठविला आहे. बैठकीत २००६ ची हकीगत मी स्वतः सांगणार आहे. कागदांची प्रत त्या कुटुंबाच्या परवानगीने, नाव झाकून, सोबत आणीन.